हँडल पूर्ण डावीकडे

१

शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सावली गावातल्या एका राइस मिलच्या फाटकात १९७४ सालची एक बुलेट वळली, वळता वळता अचानक भरधाव सुटली, फाटकाशी उभ्या असलेल्या सुकलू नावाच्या हमालाला धडकली आणि कोंड्याच्या ढिगात शिरून बंद पडली. सुकलूचा डावा पाय मांडीत मोडला. गाडी चालवणारे गुणवंतराव, वय चौऱ्याहत्तर, कोंड्यावर आपटल्यामुळे मनगटाच्या प्लास्टरवर निभावले.

दुपारी त्यांनी ठाण्यात जबाब दिला. चार वाक्यं. मी एक्सलेटर पिळला नाही. गाडी मूल गावच्या धम्मदीप उंदिरवाडे या मिस्त्रीनं गुरुवारी नव्यानं बांधून आणून दिली. त्यानंतर गाडीला कुणीही हात लावलेला नाही. दोष मिस्त्रीचा आहे. आलापल्लीच्या लाकूड आगारात चौतीस वर्षं काढलेला माणूस. शब्द मोजून लिहायची सवय. ठाण्यातल्या कुणालाही त्या चार वाक्यांत बोट ठेवायला जागा सापडली नाही.

रविवारी धम्मदीपला बोलावणं गेलं.

धम्मदीप बेचाळीस वर्षांचा. अठरा वर्षं मूलच्या बाजारात गॅरेज, आणि त्यातली शेवटची सहा वर्षं रात्री अभ्यास. गडचिरोलीच्या आयटीआयत शिल्पनिदेशकाच्या, म्हणजे मुलांना काम शिकवणाऱ्या मास्तराच्या, जागेसाठी यादीत त्याचं नाव एकदाचं लागलं होतं. चारित्र्य पडताळणीचा त्याचा फॉर्म मूलच्या ठाण्यात होता आणि सोमवारी पुढे जायचा होता. निष्काळजीपणाच्या गुन्ह्यात नाव आलं की फॉर्मवर शेरा पडणार, जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला जाणार. पुढच्या भरतीपर्यंत त्याचं वय निघून गेलेलं असणार. हे सगळं त्याला सावलीच्या बसमध्येच दिसत होतं, म्हणून खिडकीबाहेर काय होतं ते त्याला आठवत नाही.

गाडी तपासायला चंद्रपूरहून सहायक मोटार वाहन निरीक्षक रोशनी मडावी आल्या होत्या. तिशीच्या, सावकाश हालचालींच्या. बुलेट ठाण्याच्या आवारात कडुलिंबाखाली उभी होती. मॅडमनी ब्रेक पाहिले, चाकं पाहिली, मग किक मारायला धम्मदीपला सांगितलं. इंजिन पहिल्याच किकेत लागलं आणि संथ धडधडत राहिलं. मूठ पिळली की आवाज चढायचा, सोडली की लगेच खाली यायचा.

हवालदार हसले. "गाडी तं गुणाची आहे, मॅडम. म्हाताऱ्याच्याच हातानं झालं असंल."

मॅडमनी हँडल मधोमध धरलं, मुठीपासून दूर. आधी पूर्ण उजवीकडे वळवलं. आवाज तसाच. मग पूर्ण डावीकडे.

इंजिन किंचाळलं. कडुलिंबावरचे कावळे उडाले, आतला ठाणे अंमलदार दारात आला. मॅडमनी हँडल सरळ केलं. आवाज पुन्हा संथ.

त्या तीन सेकंदांत मूठ कुणीही पिळली नव्हती.

२

धम्मदीपला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. एक्सलेटरची केबल उजव्या मुठीतून निघते, हँडलच्या मानेला वळसा घालून टाकीखाली शिरते आणि कार्बोरेटरला जाते. हँडल डावीकडे वळलं की उजवी मूठ पुढे सरकते, केबलला तेवढी ढील लागते. मध्ये कुठे ती अडकली असेल तर ढील मिळत नाही, केबल ताणली जाते, आणि गाडीला वाटतं मालकानं मूठ पिळली. हँडल सरळ झालं की खूण उरत नाही. म्हणूनच शनिवारी तिथं जमलेल्यांनी गाडी चालू करून पाहिली तेव्हा काहीच सापडलं नव्हतं.

हाच धडा त्याच्या उस्तादानं, देवराव मिस्त्रीनं, त्याला पहिल्या महिन्यात दिला होता. टाकी बसवून झाली की इंजिन चालू ठेवायचं, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, आणि कान लावायचा. मग टाकीच्या ब्रॅकेटच्या आणि केबलच्या मधून धानाची वाळलेली काडी घालायची. काडी न वाकता पार झाली तर जागा पुरेशी. गॅप मोजायची पट्टी मूलच्या दुकानात मिळत होती. देवराव म्हणायचे, पट्टी जोर करून घालता येते, काडीवर जोर चालत नाही.

मॅडम टाकीखाली वाकल्या, मोबाइलचा उजेड पुढच्या बोल्टवर धरला, बराच वेळ पाहिलं आणि एक फोटो काढला. टाकी मात्र उघडली नाही.

"आधी तुम्ही सांगा भाऊ, आत काय दिसेल. मग उघडू."

त्यानं सांगितलं. केबल ब्रॅकेटच्या डाव्या अंगानं, सैल. फ्रेमला नवा काळा रंग. टाकीच्या बोल्टवर लाल टिपका.

"टिपका कसला?"

"पोरीचं नेलपॉलिश, मॅडम. अर्धं बोल्टवर, अर्धं ब्रॅकेटवर. बोल्ट ढिला झाला तं रेघ तुटते, लगेच दिसते."

"हा टिपका केव्हा देता? काडीच्या आधी की नंतर?"

"सगळ्यात शेवटी. काडी पास झाल्यावर."

"गुरुवारी काडी घातली होती?"

इथे धम्मदीप थांबला. हो म्हणायला तोंड उघडलं होतं. गुरुवारी टाकी बसवत असतानाच गडचिरोलीहून फोन आला होता, यादीत नाव आहे म्हणून. त्यानंतरचा अर्धा तास त्याच्या डोक्यातून कुणी पुसून नेल्यासारखा गेला होता. बायकोला फोन केला हे आठवत होतं. शेजारच्या पानठेल्यावाल्यानं पाठीत थाप मारली हे आठवत होतं. काडी आठवत नव्हती. अठरा वर्षांत जे कधी चुकलं नाही, ते ज्या दिवशी नोकरी लागली नेमकं त्याच दिवशी चुकलं असेल, आणि एका हमालाचा पाय त्याच्यापायी गेला असेल. आता आधी हेच मनात येत होतं. फॉर्मचा विचार त्याच्या नंतर येत होता.

"मले आठवत नाई, मॅडम," तो म्हणाला.

हवालदारानं मान हलवली. मॅडमनी वहीत काहीच लिहिलं नाही. त्या म्हणाल्या, चला, गुणवंतरावांकडे जाऊ. तुम्ही पण चला.

३

गुणवंतरावांचं घर ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर. अंगण लहानसं, मधोमध हातपंप. ओसरीवर ते हात गळ्यात बांधून बसले होते, पांढरा सदरा, जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी मॅडमना खुर्ची दिली. धम्मदीपकडे पाहिलं नाही.

धम्मदीप उभाच राहिला. त्याची नजर खुर्चीच्या पाठीवर गेली. तिथं ॲल्युमिनियमची रुपयाएवढी चकती तारेनं बांधलेली, तिच्यावर ठोकलेला आकडा: २७. खाटेच्या पायाला ११. पाण्याच्या पिंपाला ३१. आगारात प्रत्येक ओंडक्यावर नंबर पडल्याशिवाय तो ओंडका समजत नाहीत. गुणवंतराव साहेबांनी निवृत्तीनंतर तोच कायदा घराला लावला होता. कमळाबाई, त्यांची बायको, चहा घेऊन आल्या आणि मॅडमची नजर ओळखून म्हणाल्या, "माह्या गळ्यात तेवढी बांधाची राह्यली आहे."

मॅडम हसल्या. मग विचारलं, गुरुवारी गाडी ताब्यात घेतली तेव्हा चालवून पाहिली का.

पाहिली. याच अंगणात, हातपंपाभोवती पाच फेऱ्या.

"कुठल्या बाजूनं?"

गुणवंतरावांनी चांगल्या हातानं हवेत वर्तुळ काढलं. पंप डाव्या हाताला ठेवून. अंगण लहान, हँडल पूर्ण वळवावं लागलं. गाडी लोण्यासारखी फिरली, असं ते म्हणाले, आणि हे वाक्य मिस्त्रीच्या बाजूचं झालं हे लक्षात येऊन गप्प झाले.

शुक्रवारी गाडी चालवली नाही. शनिवारी सकाळी धान कांडायचा नंबर विचारायला मिलवर निघाले. घरातून निघताना वळण उजवं, पुढे सरळ रस्ता, आणि मिलचं फाटक डाव्या अंगाला. त्या सकाळचं पहिलं डावं वळण तेच.

धम्मदीपच्या छातीवरचा दगड बोटभर हलला. गुरुवारी संध्याकाळी केबल मोकळी होती. मग शनिवारी सकाळी का नव्हती?

"मंग शुक्रवारी कोणीतरी खोडी केली," ओसरीच्या कोपऱ्यातून आवाज आला. तो प्रणित होता, साहेबांचा पुतण्या, गडचिरोलीत कपड्याच्या दुकानात कामाला. अपघात ऐकून धावत आलेला.

"शुक्रवारी तूच तं आला होता," कमळाबाई म्हणाल्या. त्यांनी मॅडमना लगेच सगळं सांगितलं. चंद्रपुरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, प्रणितला बुलेट न्यायची होती, काकांनी नाही म्हटलं, आवाज वाढले, प्रणित न जेवता गेला. आणि त्याच दिवशी पक्कड गायब झाली होती. "आमच्या घरी सांडशी नाई, बाई. चहाचं गंज-पातेलं चुलीवरून उतरवाले ह्यायची पक्कडच. तीन वाजता चहा उतू गेला, पक्कड कुठी सापडे नाई. म्या पदरानं उतरवला, हे पहा, बोट भाजलं."

"काकू, मी बाराच्या बसनं गेलो," प्रणित म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "तुमची पक्कड काय गडचिरोलीले घेऊन जातो मी?"

"मग कुठी गेली होती? संध्याकाळी आपल्या पायानं आली खिळ्यावर?"

मॅडमनी प्रणितला विचारलं, गाडीचा फोटो काढला होता का. काढला होता, दुकानातल्या मित्रांना दाखवायला. शुक्रवार, अकरा वाजून चार मिनिटं. मॅडमनी तो बोटांनी मोठा केला आणि फोन धम्मदीपच्या हातात दिला.

टाकीचा पुढचा बोल्ट. त्याच्यावर लाल टिपका, अखंड. आणि मानेजवळ केबलचा सैल वळसा, ब्रॅकेटच्या डाव्या अंगानं, अगदी त्यानं सांगितला तसा.

मग मॅडमनी स्वतःचा फोन पुढे केला. आज सकाळचा फोटो, तोच बोल्ट. टिपका दोन तुकड्यांत होता. बोल्टवरचा अर्धा वर, ब्रॅकेटवरचा अर्धा खाली.

"शुक्रवारी अकरानंतर हा बोल्ट कुणीतरी खोलला," मॅडम म्हणाल्या. "आणि साहेब, तुम्ही जबाबात लिहिलंय, कुणीही हात लावला नाही."

"नाहीच लावला," गुणवंतराव म्हणाले. "मी शपथेवर सांगतो. फाटकाची किल्ली माझ्या कमरेला असते."

धम्मदीप त्यांच्याकडे पाहत राहिला. माणूस खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणाऱ्याचे डोळे इतके रागावलेले नसतात.

४

मॅडमनी चहा संपवला आणि एक वेगळंच मागितलं. जुन्या गाडीतून काढलेले सुटे भाग मिस्त्री परत देतात, ते कुठे आहेत?

धम्मदीपनं ते परत दिले होतेच. कुणी म्हणू नये की चांगला भाग काढून घेतला, म्हणून देवरावांच्या काळापासूनची रीत: जुनं सगळं पिशवीत, वर यादी. पिशवी कमळाबाईंनी माळ्यावरून आणली. मॅडमनी सतरंजीवर ती उपडी केली आणि यादी धम्मदीपला वाचायला दिली.

जुनी एक्सलेटर केबल. आहे. क्लच केबल. आहे. टाकीखालचे रबर, दोन. आहेत. गंजके बोल्ट, चार. आहेत. हेडलाइटची काच, तडकलेली. आहे.

शेवटची ओळ वाचताना धम्मदीपचा आवाज अडखळला. ती त्यानंच लिहिली होती आणि विसरला होता. रंगासाठी फ्रेम खरवडताना टाकीखालच्या ब्रॅकेटवरून त्यानं ती सोडवली होती.

"पत्र्याची चकती, एक."

मॅडमनी सतरंजीवर हात फिरवला. चकती नव्हती.

त्या उठल्या, खुर्चीच्या पाठीवरची २७ नंबरची चकती बोटानं हलवली, आणि सहज विचारावं तसं विचारलं, "साहेब, गाडीचा नंबर कोणता? आरटीओचा नाही. तुमचा."

"एक," गुणवंतराव म्हणाले. त्यात थोडा अभिमान होता. "ह्या घरातली पहिली वस्तू ती."

"कुठे आहे तो नंबर?"

"जिथं होता तिथं. टाकीखाली, ब्रॅकेटला."

"गुरुवारी तर तो पिशवीत होता."

"होता. म्हणून शुक्रवारी दुपारी मी परत बांधला. बिननंबरची वस्तू अंगणात उभी ठेवायची का मी?"

कमळाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "माही पक्कड," त्या म्हणाल्या.

गुणवंतराव एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागले. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"साहेब, तुम्ही लिहून दिलं, कुणी हात लावला नाही म्हणून," धम्मदीप हळू आवाजात म्हणाला.

"मग? नंबर बांधणं म्हणजे हात लावणं होते का?"

५

टाकी ठाण्याच्या आवारात, सगळ्यांसमोर उघडली. गुणवंतराव प्लास्टरचा हात सावरत स्वतः आले होते. कुणी बोलावलं नव्हतं. मागोमाग कमळाबाई आणि प्रणितही.

बोल्ट निघाला, टाकी उचलली गेली. ब्रॅकेटवर चकती होती, तिच्यावर ठोकलेला १. चकतीला धरणारी तार तीन वेढ्यांची, पक्कडीनं पिळून आवळलेली, आगारात बांधतात तशी पक्की. आणि त्या तीन वेढ्यांच्या आत, ब्रॅकेटसोबत, एक्सलेटरची केबल.

पुढचं मॅडमनी थोडक्यात सांगितलं. साहेबांनी पुढचा बोल्ट पक्कडीनं खोलून टाकी थोडी उचलली, एका हातानं तोलून धरली आणि आत नीट न बघता, अंदाजानं तार गुंडाळली. काळी केबल फ्रेमच्या नव्या काळ्या रंगावर जाड भिंगातून दिसली नाही. तार आवळल्यावर केबल ब्रॅकेटला जखडली, आणि हँडल डावीकडे गेलं की तिला ढील मिळेना.

"आणि टिपका," त्या धम्मदीपकडे वळून म्हणाल्या. "तो तुम्ही काडीनंतर देता ना? शुक्रवारी अकरा वाजता टिपका अखंड होता. म्हणजे गुरुवारी काडी घातली होती. तुम्हाला आठवत नसलं तरी."

धम्मदीप आवारातल्या नळाच्या ओट्यावर बसला, नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिला. डोकं जिथं रिकामं होतं तिथं हातानं काम केलं होतं. हवालदार बाजूला येऊन म्हणाले, "काऊन गा मिस्त्री, रडून राह्यला का?" तो म्हणाला, नाई जी, धूळ गेली. हवालदारांनी आपला रुमाल दिला. सकाळी मान हलवणारा हाच माणूस.

मॅडमनी तार कापायला सांगितली. फाटकाबाहेर बैलगाडीतून सांडलेला तणस, धानाचा वाळका पेंढा, पडलेला होता. धम्मदीपनं टाकी बसवली आणि त्यातली एक काडी निवडून आणली. केबल आणि ब्रॅकेटच्या मधून ती घातली. काडी न वाकता पार झाली. मग किक मारली, हँडल पूर्ण डावीकडे वळवलं. सगळे कान लावून उभे होते. इंजिन त्याच संथ लयीत धडधडत राहिलं. कावळे झाडावरच बसले होते.

गुणवंतराव बराच वेळ चकतीकडे पाहत होते. एका ओंडक्यावर नंबर पुसट दिसला म्हणून त्यांनी नोकरीत भरलेले ट्रक परत पाठवले होते, असं कमळाबाई नंतर म्हणाल्या. गुणवंतरावांनी मॅडमकडे कागद मागितला. उजवं मनगट प्लास्टरमध्ये, म्हणून स्वतः सांगितलं आणि प्रणितला लिहायला लावलं.

"लिही. माझ्या काल दिलेल्या जबाबातलं तिसरं वाक्य चुकीचं आहे. चौथंही. गाडीला मी स्वतः हात लावला."

प्रणितनं लिहिलं. त्यांनी डाव्या हातानं सही केली, वाकडी. मग पहिल्यांदाच धम्मदीपकडे पाहिलं.

"मिस्त्री, मी फक्त चकती परत बांधली. तुझ्या कामावर शंका नव्हती."

"साहेब, तुमी मले आवाज द्यायचा होता. मीनंच बांधून दिली असती, वरच्या बाजूनं."

"वरच्या बाजूनं दिसते," गुणवंतराव म्हणाले. "गाडीवर नंबर दिसणं बरं नाही."

कमळाबाई म्हणाल्या, सुकलूकडे जायचं आहे, आधी बसमध्ये बसा, नंबर मंग बांधा.

६

बुधवारी दुपारपर्यंतची खबर अशी आहे. सुकलूच्या मांडीत गडचिरोलीच्या दवाखान्यात सळई घातली. ऑपरेशन नीट झालं. तीन महिन्यांनी तो काठीशिवाय चालेल असं डॉक्टर म्हणाले. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिल्यांदा सुपारी-तंबाखूचा खर्रा मागितला आणि बायकोनं तो दिला नाही. गुणवंतराव रविवारी आणि मंगळवारी दवाखान्यात जाऊन बसले होते. पहिल्या दिवशी सुकलू त्यांच्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी उशी वर करून द्यायला सांगितलं.

गुणवंतरावांवर कोणतं कलम लावायचं हे सावलीच्या ठाण्यानं ठरवलेलं नाही. एक नंबरची चकती लखोट्यात, लाखेच्या शिक्क्याखाली आहे.

रोशनी मडावींचा अहवाल रविवारी संध्याकाळीच गेला. मिस्त्रीच्या कामात दोष आढळला नाही, असं त्यात एक वाक्य आहे. धम्मदीपचा फॉर्म सोमवारी मूलहून शेऱ्याविना निघाला आणि मंगळवारी गडचिरोलीत पोचला. तिथल्या बाबूंनी बुधवारी सकाळी सांगितलं की फॉर्म टेबलावर आहे, साहेब दौऱ्यावरून आले की काय ते कळवू.

धम्मदीपनं गॅरेजमध्ये एक बदल केला आहे. टाकी बसवायची वेळ आली की मोबाइल पान्यांच्या पेटीत टाकतो आणि झाकण लावतो.

बुधवारी चार वाजून वीस मिनिटांनी तो एका जुन्या राजदूतचं हँडल पूर्ण डावीकडे धरून, कान इंजिनाकडे लावून उभा होता. काडी दातांत होती. पेटीत फोन वाजला. पानठेल्यावाला बाहेरून ओरडला, "भाऊ, गडचिरोलीचा असंल!"

धम्मदीपनं काडी दातांतून काढली आणि ब्रॅकेट नि केबलच्या मधून घातली. फोन पूर्ण वाजून थांबला.